वडिलांसाठी सोडलेला कोपरा

आखातात, हिद्दच्या कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत शेजारच्या टेबलावर एक चिनी बाई आली, प्लॅनिंग इंजिनियर, माझ्या मुलीच्या वयाची. जेवणाच्या सुट्टीत ती कागदी पेल्यात शाई घेऊन चित्रं काढायची. कापसासारखा मऊ, पातळ कागद, ब्रश, काळी शाई, रंग नाहीच. तिच्या देशातल्या जुन्या चित्रांत धुक्यातून वर गेलेला डोंगर असतो आणि पायथ्याशी होडीत म्हातारा कोळी. हिने मनामाच्या सूकमागची, म्हणजे जुन्या बाजारामागची, इमारत तशी काढली होती. एकावर एक एसीचे डबे, त्यांतून ठिबकणारं पाणी, धुळीत हरवलेला माथा. कोळ्याच्या जागी मोटरसायकलवर मान टाकून झोपलेला डिलिव्हरीवाला.

वरचा उजवा कोपरा मात्र कोरा होता. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. मी थट्टेने म्हणालो, "मॅडम, नाव-सहीचा टायटल ब्लॉक राहिला. असं ड्रॉइंग मी अप्रूव्हलला जाऊ देणार नाही."

"अंकल, तो ब्लॉक माझ्या वडिलांचा आहे," ती म्हणाली.

वडील शाळामास्तर होते, त्यांचं ब्रशचं अक्षर गावात नावाजलेलं. चित्रावर वडीलधाऱ्याने चार ओळी लिहिल्या की ते पुरं झालं, अशी त्यांच्यात रीत. तिच्या एकाही चित्रावर त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. या चित्राचा फोटो बघून मात्र, घेऊन ये, म्हणाले. नजर जात चालली होती, हात कापायला लागला होता. म्हणून तिने घाईने लीव्ह काढली आणि चित्र न्यायला माझ्याकडे एक मजबूत नळकांडं मागितलं.

नळकांडं दिलं असतं तर संपलं असतं. पण ऑगस्टच्या दमटपणात तो कागद हातात मऊ पडत होता. साइटवर जाणारं प्रत्येक ड्रॉइंग आम्ही लॅमिनेट करायचो आणि वर मार्करने लिहायचो. तिचे वडीलही तसंच लिहितील, असं मी धरून चाललो. नळकांड्यात घालायला तिने दिलेलं चित्र तिला न विचारता मनामातल्या ओळखीच्या कॉपीच्या दुकानात लॅमिनेट करायला नेलं. मल्याळी दुकानदाराने कागद चाचपला. "चाचा, पक्का? बाद में निकलेगा नहीं."

"करो, करो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर नळकांडं उघडलं. संध्याकाळी तिचं विमान होतं. कोऱ्या कोपऱ्यावरून बोट फिरवून तिने विचारलं, कुणी केलं हे?

"दुकानवाल्याने. मी नुसतं स्कॅनला दिलं होतं."

मग मीच ब्लेड घेऊन कड सोडवायला बसलो. प्लास्टिकबरोबर कागदाची सालही निघायला लागली. तिने माझा हात धरला. दुसरं काढता येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, शाई कागदात कशी पसरेल ते आपल्या हाती नसतं, हे पुन्हा होणार नाही.

लीव्हवरून परतल्यावर पँट्रीत तिने सगळं सांगितलं. तिने नको म्हटलं तरी वडिलांनी चित्र टेबलावर पसरायला लावलं, शाई घोटली, लिहिलं. प्लास्टिकवर शाई धरेना. थेंब थेंब होऊन अक्षरं फुटली. त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, आपला हातच गेला. तिने त्यांची बोटं त्या प्लास्टिकवरून फिरवली, दोष याचा आहे म्हणाली. ते म्हणाले, "माझी समजूत घालू नकोस." ब्रश धुऊन त्यांनी आत ठेवला. आता साध्या कागदावर लिहा म्हटलं तरी हातात घेत नाहीत.

मी चहा केला. दुसरं काय करणार होतो?

पेला घेताना ती म्हणाली, "त्या दुकानवाल्याला सांगा अंकल, पुन्हा कुणाच्या चित्राचं असं करू नकोस म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढे तिची बदली झाली. दुकानवालाही कायमचा केरळला गेला. घरात हा विषय निघाला की मी अजूनपर्यंत त्याच्याच नावावर ढकलत आलो. तिचे वडील आज आहेत की नाहीत, ठाऊक नाही. असले तरी त्यांचा हात गेला नव्हता, हे मी त्यांना कसं पटवू? पोटच्या पोरीचं त्यांनी ऐकलं नाही.