शेवंतीसाठी बंदूक

मोरेश्वरला राइस कुकर घ्यायला आठ महिने लागले होते, हे आयर्लंडमधल्या किलकेनीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांना माहीत आहे. कारण त्या आठ महिन्यांत त्यानं प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या कुकरचं झाकण उघडून पाहिलं होतं. बंदूक घ्यायची ठरली तेव्हा मात्र त्याच्याकडे आठ महिने नव्हते. तेवढ्या कोंबड्याच नव्हत्या.

होत्या चार. तिघींची नावं त्याच्या मुलीनं, शर्वाणीनं, शाळेच्या कॅमोगी, म्हणजे इथल्या मुलींच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, टीममधल्या मैत्रिणींवरून ठेवलेली: ईफा, सिर्शा आणि ग्रॉनिया. चौथी तपकिरी, चालताना जरा फेंगडी. तिचं नाव मोरेश्वरनं ठेवलं होतं, शेवंती. "शर्वाणीचे पेट्स आहेत, माझा काही संबंध नाही," असं तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि सांगत असताना शेवंती त्याच्या बुटावर बसलेली असायची. तिनं गेल्या वर्षापासून अंडं दिलेलं नव्हतं. त्यावर कोणी काही बोललं की तो विषय बदलायचा.

नोकरी मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये, क्वालिटी विभागात. एखादी वस्तू कुठे, कशी आणि किती वाईट रीतीनं बिघडू शकेल याचा विचार करायचे त्याला पैसे मिळतात. त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं आहे" पासून सुरू होतं आणि "अर्थात, तसं होईलच असं नाही" वर संपतं. मधे काय बोलला ते ऐकायला बहुतेक लोक थांबत नाहीत.

एप्रिलमध्ये एका शनिवारी भर दुपारी कोल्हा आला आणि ईफाला घेऊन गेला. पळवून नाही, घेऊन. दुकानातून पाव घेऊन जावा तसा.

मोरेश्वरनं जाळी लावली. कोल्ह्यानं जाळीखालून उकरलं. त्यानं जाळी जमिनीत पुरली, तर कोल्हा कुंपणाच्या खांबावरून आला. विजेची जाळी आणली, तर पहिल्याच दिवशी शेवंती तीत अडकली आणि सोडवायला गेलेल्या मोरेश्वरला असा झटका बसला की शेजारच्या गोठ्यातल्या गाई माना वर करून बघायला लागल्या. शेजारी टॉम फेलन दोन संध्याकाळी स्वतःची बंदूक घेऊन येऊन बसला. कोल्हा फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी टॉमला दूध काढायचं होतं, तेव्हा आला आणि बागेत फेरी मारून गेला.

"त्याला माझी गाडी ओळखू येते, गड्या," टॉम म्हणाला. "तुझी तुला बंदूक हवी."

घरी हे सांगितल्यावर सुरुचीनं हातातला चहा खाली ठेवला. ती हॉस्पिटलमध्ये मेडिसिनला आहे आणि घरीही राउंडवर असल्यासारखीच बोलते.

"बंदूक. ठीक. किती?"

"म्हणजे कसं आहे, सेकंडहँड घेतली तर..."

"किती?"

"बघावं लागेल."

"बघ. शर्वाणीच्या हाताला लागणार नाही एवढं बघ. पुढे?"

शर्वाणीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथलंच येतं. "बाबा, यू कान्ट ईव्हन ओपन द बिस्किट टिन," ती म्हणाली.

गावाबाहेर ब्रोफी नावाच्या म्हाताऱ्याचं बंदुकांचं दुकान आहे. हा ब्रोफी "हो" म्हणताना श्वास आत ओढतो. आपण तिखट लागल्यावर ओढतो ना, तसा. "या..." की झालं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला काहीतरी होतंय. मोरेश्वरनं तर त्याला खुर्ची पुढे केली.

"मला कमीत कमी किमतीत बसणारी हवी," मोरेश्वर म्हणाला. "छर्ऱ्यांची, हवेवर चालणारी असते ना? जत्रेत फुगे फोडतात तसली?"

"असते. पण जरा जोराची घ्यायची तर तिलाही परवान्याचं सर्टिफिकेट लागतं इथं. आणि कोल्ह्याला तिनं नुसत्या गुदगुल्या होतील. जखमी होऊन झुडपात जाईल आणि तिथं आठवडाभर मरत पडेल. ते बघवेल तुला?"

मोरेश्वरला नुसतं ऐकवलंही नाही. "मग ही?" त्यानं एका बारीक नळीच्या रायफलीकडे बोट केलं. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी त्याला आवडली होती.

"पॉइंट टू टू. स्वस्त आहे, नेमकी आहे. गोळी मैलभर जाते. तुझ्या कुंपणामागं काय आहे?"

"टॉम फेलनचा गोठा."

"आणि गोठ्यात?"

"टॉम फेलन."

"या..." ब्रोफीनं श्वास ओढला आणि रायफल जागेवर ठेवली.

शेवटी त्यानं मागच्या खोलीतून एक जुनी एकनळी शॉटगन आणली. लाकूड कोणीतरी वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत केलेलं. ब्रोफी म्हणाला, हिचे छर्रे थोड्या अंतरात दमतात, म्हणून बागेच्या बाजूला हीच बरी. तीसुद्धा टॉमच्या शेताच्या बांधाकडे तोंड करून आणि गाई दुसरीकडे असताना. दुकानातली सगळ्यात स्वस्त हीच.

"एकच गोळी?"

"एकच."

"आणि नेम चुकला तर?"

"तर तू कोल्ह्याकडे बघशील आणि कोल्हा तुझ्याकडे बघेल."

दोन नळ्यांच्या बंदुकीची किंमत विचारून मोरेश्वर परत एकनळीकडे वळला. मग वॉरंटी आहे का विचारलं. मग, बिचकत, काही कमी होईल का विचारलं. ब्रोफीनं साफसफाईच्या तेलाची एक बाटली फुकट दिली. पण मोरेश्वरनं लगेच हो म्हटलं नाही. "म्हणजे कसं आहे, जरा विचार करतो," म्हणून तो घरी आला, पुढच्या शनिवारी परत गेला, त्याच्या पुढच्या शनिवारीही गेला. तिसऱ्या शनिवारी तो दुकानात एकनळीच्या चापाला गंज आहे की नुसता डाग, हे टॉर्चनं बघत होता, तेव्हा घरी कोल्ह्यानं सिर्शाला नेलं.

त्या संध्याकाळी त्यानं फोनवरूनच हो सांगितलं. ब्रोफीनं बंदूक बाजूला ठेवली आणि म्हणाला, आता परवान्याचे कागद आणा, मग घेऊन जा.

बंदूक चालवायचं एक दिवसाचं शिक्षण झालं, टॉमनं त्याच्या शेतात गोळी झाडायची परवानगी दिली. राहिले दोन ओळखीचे लोक, गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, विचारलं तर अर्जदार चांगला माणूस आहे असं सांगणारे. एक टॉम. दुसरं नाव मोरेश्वरनं डॉक्टर राजीवचं दिलं. सांगलीत एका गल्लीत वाढलेले, बारावीला एका खोलीत अभ्यास केलेला. राजीव आता डून लेरीला राहतो, डब्लिनच्या हॉस्पिटलात मोठा भूलतज्ज्ञ आहे.

"राजीव भाऊजी नकोत," सुरुची म्हणाली. "ते भूल द्यायच्या आधीच पेशंट झोपवतात. तुझ्या बॉसचं नाव दे."

"अगं, डॉक्टर म्हटलं की वजन पडतं."

टॉमला गार्डांचा फोन आला. टॉम म्हणाला, "तो? ग्रँड आहे तो," आणि परत गाईंकडे गेला.

राजीवला फोन आला, आणि राजीवनं त्या संध्याकाळी मोरेश्वरला कळवलं.

"मी काय म्हणतो मोऱ्या, ऐक तर खरं, तुझं काम झालंच समज. चांगली अर्धा-पाऊण तास बोलली बाई. तुझं असं कौतुक केलं, असं केलं! म्हटलं, मॅडम, याच्याइतका शांत माणूस तुम्हाला आयर्लंडमध्ये मिळायचा नाही. झुरळ मारत नाही हा, कागदावर घेऊन बाहेर सोडतो. ती उंदराची गोष्टही सांगितली."

"कुठली उंदराची?"

"अरे, आपल्या खोलीत शिरला होता ती! तू कॉटवर चढलास आणि त्याला म्हणालास, अहो, जा ना. मी इंग्रजीत सांगितलं, ही सेड सर टू द रॅट. हसून हसून पुरेवाट झाली तिची. म्हटलं, चाळीस वर्षांत कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. फटाक्याच्या वातीला काडी लावताना रडायचा!"

मोरेश्वरचा कान गरम झाला होता. "राजीव," तो म्हणाला, "तिनं यावर काय विचारलं?"

"विचारलं, मग हा कोल्ह्यावर गोळी झाडू शकेल असं वाटतं का? मी म्हटलं, छे! शक्यच नाही!"

दोन दिवसांनी पोलीस स्टेशनवरून त्या बाईंचा फोन आला. अतिशय गोड बोलल्या. म्हणाल्या, "काही काळजी नको हं, पण तुमच्याच माणसाचं म्हणणं आहे की हे तुम्हाला जमणार नाही. मग बंदूक द्यायची कशाला, असं साहेब विचारतायत. जरा थांबू या का?"

मोरेश्वर प्लँटच्या पार्किंगमध्ये उभा होता. त्यानं थँक्यू म्हटलं. ग्रँड म्हटलं. नो बॉदर म्हटलं. मग गाडीत बसून, काचा वर करून, सांगलीच्या त्याच्या गल्लीतही कोणी मोठ्यानं म्हणत नसे ते सगळं म्हणून घेतलं.

रविवारी राजीव समजूत घालायला आला. बरोबर चितळ्यांचं असतं तसं श्रीखंड, डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहणाऱ्या कुणा सानिकानं घरी केलेलं. बागेत खुर्च्या टाकल्या. ग्रॉनिया आणि शेवंती पलीकडे माती उकरत होत्या.

"मी काय म्हणतो," राजीवनं वाटीत चमचा घातला, "तू आधी शांत हो. बंदूक हा आपला पिंडच नाही रे. आपण संस्कारी माणसं. सुरुची, तूच सांग. अरे, निसर्ग आहे. कोल्ह्यालाही पिल्लं असतील. आपण समजून घेतलं तर तोही..."

"राजीव."

"ऐक तर खरं! सहजीवन म्हणून काही..."

कुंपणाच्या खालून आधी नाक आलं, मग बाकीचा कोल्हा. ऊन चांगलं पडलं होतं, सगळ्यांना तो स्वच्छ दिसला. त्यानं राजीवकडे पाहिलं, श्रीखंडाकडे पाहिलं, आणि ग्रॉनियाची मान धरली.

शर्वाणी किंचाळली. शेवंती फेंगड्या पायांनी घराकडे धावत सुटली. आणि डॉक्टर राजीव खुर्चीवर उभे राहिले.

"मार! मोऱ्या, मार त्याला! मार की!"

"कशानं मारू?" मोरेश्वर ओरडला. "तू केलेल्या कौतुकानं?"

तो धावला. कुंपण ओलांडलं, चिखलात एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, दुसऱ्याचा बूट निघाला, आणि तो उठेपर्यंत टॉमच्या शेतात गाईंशिवाय काही हलत नव्हतं. परत आला तेव्हा शर्वाणी पायरीवर रडत बसली होती आणि राजीव फोनवर होता.

"येस मॅडम, डॉक्टर राजीव. आय वॉज राँग अबाउट हिम. पूर्ण चुकलो. आत्ता त्याला पाहिलं मी, ही इज फ्युरियस! असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. तो आता कुणालाही गोळी घालू शकेल. मी गॅरंटी देतो!"

मोरेश्वरनं चिखलाच्या हातानं फोन काढून घेतला. पलीकडून बाई म्हणत होत्या, "हॅलो? कुणाला गोळी?"

मग सगळं नव्यानं सुरू झालं. दुसऱ्या ओळखीच्या माणसाच्या जागी बॉसचं नाव दिलं. बाईंनी सांगितलं की साहेब आता जरा सावकाश बघतील, रागाचा उल्लेख फायलीत आलाय, काही आठवडे जातील. ब्रोफीला फोन केला तर त्यानं श्वास आत ओढला आणि म्हणाला, बंदूक कुठं पळून जात नाही.

कोल्हाही जात नव्हता. शेवंतीला धुण्याच्या खोलीत ठेवली. तिनं दोन दिवस पाण्याला चोच लावली नाही, ड्रायरवर भिंतीकडे तोंड करून बसली. "शी हेट्स इट, बाबा," शर्वाणी म्हणाली. सुरुची ड्यूटीवरून आली, तिनं कोंबडीचे डोळे, पाय, पिसं बघितली. "बाहेर काढ. नाहीतर ही अशीच जाईल. पुढे?"

पुढे मोरेश्वरनं प्लँटमध्ये सांगून घरून काम घेतलं. सकाळी तो बागेत खुर्ची, छत्री आणि लॅपटॉप घेऊन बसतो. शेवंती पायाशी उकरते, खाते, त्याच्या बुटावर बसते. पाऊस आला तर दोघं छत्रीखाली सरकतात. काल मीटिंगमध्ये अमेरिकेतली मंडळी होती. विषय, एखादी गोष्ट हातची जाण्याआधी तिच्यावर किती बारकाईनं लक्ष ठेवावं.

"मोरेश्वर, तुमचा अनुभव काय सांगतो?"

"म्हणजे कसं आहे," मोरेश्वर सवयीनं मराठीतच बोलून गेला, आणि थांबला. कुंपणाजवळचं गवत हललं होतं. वारा नव्हता.

त्यानं लॅपटॉप ओल्या गवतावर ठेवला, शेवंतीला काखेत मारलं आणि छत्री मिटून तिचं टोक कुंपणाकडे धरलं.

"हॅलो?" लॅपटॉपमधून आवाज येत राहिला. "मोरेश्वर? आर यू देअर?"