काचेच्या बरणीतलं वाण

शेखरदाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, मोहिनीचे यजमान. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, नाशिकरोडला घर आणि गच्चीवर मधमाश्यांची एक पेटी. त्या एका पेटीवर हा माणूस काय मिरवायचा! बाकीचे लोक मध काढून बाटलीत भरतात, ते दाजींना गावंढळ वाटे. ते पेटीच्या झाकणाला भोकं पाडून वर काचेच्या बरण्या उपड्या ठेवत. माश्यांनी पोळं थेट बरणीतच बांधायचं.

नव्व्याण्णव साली धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवू घालून जाळीदार पदार्थाचं वाण द्यायचं म्हणून घरोघरी अनारसे तळले जात होते. मोहिनीच्या मुलीचा, वैष्णवीचा नवरा सुनील मनमाडचा. लग्नातल्या मानपानावरून तिची सासू लंकाबाई रुसली होती आणि संक्रांतीला माहेरी आलेली पोरगी अजून इथेच होती. मोहिनीने फोन करकरून मायलेकांना जेवायला यायला राजी केलं. जाताना ते वैष्णवीला घेऊन जाणार होते.

दाजींना वेगळंच सुचलं. पोळ्याइतकं जाळीदार दुसरं काय? वाण म्हणून बरणीच द्यायची!

राणीमाशीने वर जाऊन अंडी घालू नयेत म्हणून पेटीत बारीक भोकांचा पत्रा बसवतात. पेटी विकणाऱ्याने तसं बजावलंही होतं. पण पत्र्याने माश्या बरणीत चढायला बिचकतात, म्हणून दाजींनी तो काढून टाकला. पोळ्याच्या घरांवर तपकिरी मेणाची झाकणं दिसू लागली तेव्हा म्हणाले, "मध पिकला." मी म्हटलं, "दाजी, आधी एक बरणी उघडून तर बघा." तर म्हणे, "तुला त्यातलं काय कळतं?"

जेवणं झाली. सुनीलच्या हातात बरणी दिली. दाजींनी स्वतः सुरीने पोळं कापलं आणि ताटात पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या.

लंकाबाई ताडकन उठली. "सुनील, चल. किडे खाऊ घालायला बोलावलं व्हय आपल्याला?"

मोहिनी हात जोडून दारापर्यंत गेली. सुनीलने एकदा वैष्णवीकडे पाहिलं आणि आईमागे निघाला. दाजींनी चार शब्द बोलायला हवे होते, नुसतं चुकलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते बरणी उजेडात धरून म्हणाले, "पण बांधणी बघा ना, काचेत इतकं सरळ पोळं कुणाला जमतं!"

इतकी चीड मला आयुष्यात कुणाची आली नाही. वैष्णवी आपली भरलेली बॅग उचलून आत घेऊन गेली. आणि तिचा बाप, बाकीच्या बरण्यांत अळ्या आहेत का ते बघायला, गच्चीवर गेला.