अग्रशाळेतली आमची खोली

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी गोव्यात पेडण्याच्या बाजूला आरोग्य केंद्रात नर्स होते. तुयेच्या कारखान्यातला एक कामगार पॉझिटिव्ह आला. चंदगडकडचा, तिशीचा. आठ जण एका खोलीत, आणि संडास साऱ्या चाळीत मिळून एक. घरीच ठेवायच्या रुग्णाच्या फॉर्मवर प्रश्न होता: स्वतंत्र खोली आहे का?

"आहे लिही आणि मोकळी हो," वरून आलेले साहेब म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. खोटं लिहून मी मोकळी झाले असते. उरलेले सात जण अडकले असते.

तो कामगार खोलीच्या दारातूनच म्हणाला, "सिस्टर, मी गावाकडं जातो. माझ्यामुळं ह्यांना नको." तापात, भरल्या बसमधून! मी त्याला झापलं आणि तडक घरी आले.

आमच्या देवळामागे अग्रशाळा आहे, जत्रेला येणाऱ्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या हक्कदार घराण्यांच्या, खोल्यांची. घराण्यामागे एक खोली, प्रत्येकीला लागून संडास. वर्षातले चार दिवस सोडले तर तिथे पाली राहतात. आमच्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. ती काढताना सासऱ्यांनी पाहिलं.

"देवळाची खोली ती. कमिटी काय म्हणतली?"

"म्हणू दे," मी म्हटलं. सासऱ्यांना उलट बोलायची ती पहिलीच वेळ. पण किल्ली सोडली नाही.

दुपारपर्यंत मी त्या कामगाराला तिथे हलवलं. बाहेरचा माणूस आणून ठेवल्याचं कळताच संध्याकाळी देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "भायल्या मनशाक अग्रशाळेत हाडून दवरलंस?" मी उत्तर द्यायच्या आत सासऱ्यांनी फोन ओढून घेतला. "खोली आमची, सून माझी. काय बोलूचा ता माका बोल!" आणि ठेवून दिला.

मी रोज दोनदा जायचे. ऑक्सिजन मोजायचे, मग त्याला खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजायचे. सहाव्या दिवशी बसल्यावर पंचाण्णव होता, चालल्यावर नव्वदवर आला. तो म्हणत होता, मला काही होत नाही. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. गर्दीच्या खोलीत त्याला कोण चालवून बघणार होतं? तो बरा होऊन परतला. सातांपैकी एकालाही लागण झाली नाही.

मग कमिटीचा निरोप आला: खोलीची शुद्धी करा, नाहीतर खोलीवरचा हक्क विसरा.

मी निरोप्यालाच सांगितलं, "फरशी मी हायपोक्लोराइटनं पुसली आहे. आणखी शुद्धी हवी असेल तर त्या माणसाला समोर बसवा आणि कशाची करायची ते त्याच्या तोंडावर सांगा."

कुणी आलं नाही. पुढच्या जत्रेला आम्ही त्याच खोलीत उतरलो. तो कामगारही बायकोला घेऊन आला होता. सासऱ्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि अध्यक्षांच्या देखत त्या दोघांना आत जेवायला बसवलं.