वेशीला घातलेला वळसा

माझी शाळा दोन इयत्तांची. पण इंदापुरात पहिल्या मोटरी कुठं थांबायच्या, ते माझ्याइतकं नीट कुणी सांगणार नाही. माझं लग्नच त्यावरून मोडत होतं.

तीस सालानंतरची गोष्ट. बारामतीच्या स्टेशनाबाहेरून इंदापूरची मोटर सुटायची. माझ्या मामानं वऱ्हाडासाठी ती अख्खी ठरवली. तोवर वऱ्हाडं बैलगाडीनं जायची. मोटरीत बसलेला आमच्या आळीतला पहिला नवरदेव मीच. टपावर ट्रंका, भांडी आणि वर बसलेली माणसं.

इंदापूरची जुनी वेस बैलगाडीच्या मापाची. डायवरनं लांबूनच कमान बघितली आणि मोटर नव्या रस्त्याला घातली. हा रस्ता म्युनिसिपालटीनं गावाच्या कडेनं काढलेला. त्याच्यावरच नवा दवाखाना, नवी धर्मशाळा, आणि धर्मशाळेपुढं मोटरी थांबायच्या. आमचीही थांबली. तिकडं मुलीकडची सगळी माणसं वाजंत्री, आरती घेऊन वेशीत उभी.

आमच्यात नवरदेवाची पूजा वेशीबाहेर होते, मगच तो गावात शिरतो. मुलीचे चुलते धापा टाकत आले.

"पाव्हणं, येस चुकवून आत शिरलासा? लग्नाला आलाय का दरोड्याला?"

मामा तापला. "मोटर तुमच्या येशीत मावंना, त्याला आमी काय करावं? पूजा हितंच करा."

"धर्मशाळेच्या दारात? चला माघारी, येशीबाहीर."

"आमचा नवरदेव माघारी फिरायचा न्हाय!"

बोहल्याकडं निघालेल्या नवरदेवानं माघारी फिरायचं नसतं, हे मामाचं खरं. वेशीवर पूजा झाल्याबिगर आत यायचं नसतं, हे चुलत्यांचं खरं. ऊन उतरलं होतं, मुहूर्त दिवेलागणीचा.

डायवर कंटाळला. "लवकर ठरवा राव. उतरा, न्हायतर बसा, बारामतीला सोडतो."

"बसा रं समदी!" मामा म्हणाला आणि खरंच बसला.

"जावा की! कोण अडवतंय?" चुलते म्हणाले.

म्हणजे लग्न मोडलंच. थोरांपुढं नवरदेवानं बोलायचं नसतं, पण गप्प बसायचा माझा स्वभाव नाही. मुंडावळ्या बाजूला सारून मी डायवरला विचारलं, "ह्यो रस्ता पुढं कुठं जातो?"

"गावाला वळसा घालून परत येशीम्होरं निघतो."

"मग चल पुढं. माघारी कोण फिरतंय?"

मी चुलत्यांना म्हणालो, "आबा, तुमीबी चढा." ते जन्मात मोटरीत बसले नव्हते. चढले, आणि जागा होती ती नेमकी मामाच्या शेजारी. दोघं दोन दिशांना तोंडं करून बसले. वेशीबाहेर माझी पूजा झाली आणि कमानीखालून मी पायी आत गेलो.

बायको यंदा गेली. घरात आता मी बोलतो आणि मीच ऐकतो. पुढचं नेहमी तीच सांगायची. ती असती तर तिनं मला सांगूच दिलं नसतं.

ती हळदीच्या अंगानं घरात बसलेली. मोटर भोंगा वाजवत हलली आणि बायका म्हणाल्या, वऱ्हाड परत गेलं. तिच्या आईनं रडायला सुरुवात केली.

"रडतीस काय?" ही म्हणाली. "ऐक की. भोंगा लांब जाईना. गावाभवती फिरतोय."

सगळ्यांनी भोंग्याकडं कान लावले. मग वेशीकडं वाजंत्री लागली आणि ही म्हणाली, "आता आणा माझं लुगडं."