मेजरच्या होडीवरचा झेंडा

मुळा धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एका वस्तीवर मी सहा वर्षं शिक्षिका होते. शाळा दोनशिक्षकी. रस्त्यानं जायचं तर डोंगराला मोठा वळसा पडे, म्हणून मी अलीकडच्या काठावर स्कूटी लावून होडीनं जात असे. होडी चालवणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले. आमच्याकडे फौजेतून आलेला कुणीही माणूस मेजरच असतो, तसे तेही मेजर, आणि त्यांची बायको मेजरीण.

होडीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या शेजारी, त्यांनी एक काठी पक्की बसवली होती. सकाळी आठला त्यावर तिरंगा चढायचा आणि सूर्य मावळायच्या आत उतरायचा. आता रात्रीही ठेवायला परवानगी आहे, असं मी एकदा सांगितलं. ते म्हणाले, सरकारनं परवानगी दिली असेल, पण जहाजावर संध्याकाळी झेंडा उतरताना पाहिलेल्या माणसाला तो अंधारात टाकून घरी जाववत नाही. पाण्याला टेकू द्यायचा नाही. कुणाला मान द्यायला म्हणून खाली झुकवायचा नाही. एकदा ऑगस्टमध्ये काही मंडळी होडीला तिरंगी कापड गुंडाळायला आली, फोटो काढायचे होते. मेजरनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. झेंडा होडीवर पांघरायचा नसतो, एवढंच म्हणाले.

वाऱ्यानं झेंड्याची मोकळी कड विरायची. मेजरीण ती दर दोन-तीन महिन्यांनी दुमडून शिवून द्यायची. केशरी पट्टीला केशरी दोरा, पांढरीला पांढरा, हिरवीला हिरवा. मी एकदा म्हटलं, लांबून कुणाला दिसणार आहे? ती हसली आणि म्हणाली, आमच्या माणसाला दिसतं.

एक मोठे नेते वारले तेव्हा मेजरनी झेंडा अर्ध्यावर घेतला. तेही कसं, आधी टोकापर्यंत नेऊन क्षणभर थांबवायचा आणि मग खाली आणायचा. मुलं विचारतील म्हणून मी शाळेतलं ध्वजसंहितेचं पुस्तक काढून वाचलं. वस्तीवर त्या पुस्तकाची मालकीण मीच, त्यामुळे झेंड्याचं काही अडलं की लोक मला विचारू लागले. मला ते आवडायचंही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये पाणी बरंच मागे सरलं होतं. पाणी ओसरलं की काठाला गाळ उरतो. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, पण आत पाय गेला की निघत नाही. मेजरणीची एक शेळी अगदी पाण्याच्या कडेला त्यात रुतली. ती शेळीला काढायला गेली. शेळी निघाली, घरी एकटी आली. त्यावरून लोकांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच एका होडीनं मी वस्तीच्या काठावर पोचले तेव्हा तीन होड्या पाण्यात फिरत होत्या. त्यातली एक मेजरची. तिच्यावर झेंडा होता. आठ वाजता शोध मिनिटभर थांबवून त्यांनी तो चढवला, असं काठावरच्या बायका दबक्या आवाजात सांगत होत्या. कुणाला ते विचित्र वाटलं, कुणाला नाही. मला काय वाटलं ते आता आठवत नाही.

साडेदहाच्या सुमाराला ती सापडली. मेजरनीच तिला होडीत घेतलं. होडी काठाला लागली, पुरुषांनी तिला उचलून चादरीवर ठेवलं, बायका पुढे धावल्या. मेजर मात्र उतरले नाहीत. ते मागच्या टोकाला गेले आणि झेंड्याच्या दोरीवर हात ठेवून उभे राहिले. कोपरापर्यंत गाळ वाळलेला. त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"बाई, अर्ध्यावर घेऊ का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पुस्तकातलं ते पान डोळ्यांसमोर दिसलं, आणि मी जे वाचलं होतं तेच बोलले. "नाही घेता येत. त्याला सरकारचा आदेश लागतो."

"व्हय," ते म्हणाले. "ठावं हाय मला."

त्यांनी दोरी सोडली आणि खाली उतरले.

घरी परत जाताना, त्यांच्याच पुतण्यानं चालवलेल्या त्याच होडीत, माझ्या लक्षात आलं. पुस्तक उघडण्याआधी हे नियम मी त्यांच्याच हातून पाहिले होते. त्यांना नियम विचारायचाच नव्हता. कुणीतरी 'घ्या' म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आणि सगळ्या काठावर तो शब्द फक्त माझ्याकडे होता.

तिला जुन्या मसनवटीत नेलं. धरणात बुडालेल्या गावाची ती जागा दर उन्हाळ्यात उघडी पडते आणि जुनी घराणी अजून तिथंच जातात. जुलैत ती पुन्हा पाण्याखाली गेली.

मेजर तेराव्यानंतर कामावर आले. सगळं पहिल्यासारखं, झेंडा आठला वर. फक्त होडी मध्यावर आली की ते इंजिन बंद करायचे. होडी काही अंतर आपसूक जायची. इंजिनाच्या आवाजाखाली दडलेली झेंड्याची फडफड तेव्हा ऐकू यायची. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज, अगदी धुणं धुतल्यासारखा. होडी थांबायला लागली की तोही मंदावायचा. मग ते इंजिन चालू करायचे. मी रोज दोनदा ती फडफड ऐकली. रविवारी, माझ्या घरी, शेजारणीनं गच्चीवर चादरी झटकल्या तरी माझ्या हातातलं काम थांबायला लागलं.

त्या वर्षी झेंड्याची कड कुणी शिवली नाही. दिवाळीपर्यंत हिरवी पट्टी बोटभर फाटली. मी धीर करून म्हटलं, शिवून देऊ का? त्यांनी मान हलवली, नको म्हणून. फाटका झेंडा लावायचा नसतो हे त्यांना मी काय सांगणार? सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी त्यांनी तो उतरवून त्याची घडी घातली, तो परत चढला नाही. काठी मोकळीच राहिली. इंजिन मात्र मध्यावर बंद होत राहिलं. आता ऐकायला काहीच नव्हतं, फक्त फळ्यांखालचं पाणी. ते जास्त कठीण होतं.

एक मेला शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना निकाल वाटले. परतीला होडीत मी एकटीच होते. मेजर म्हणाले, थोडा वेळ आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी होडी काठाऐवजी जुन्या मसनवटीकडे वळवली.

जागा पुन्हा उघडी पडली होती. भेगा पडलेली जमीन, शिंपले, एका जुन्या ओट्याचे दगड. मेजरनी आधी काठीनं गाळ चाचपला, मग मला मागून यायला सांगितलं. तिला जिथे अग्नी दिला होता तिथे ते थांबले. पिशवीतून झेंडा काढला. घडी उलगडताना तिचे जुने टाके दिसले, तीन रंगांच्या दोऱ्यांचे.

"खराब झाल्याला झेंडा जाळायचा आस्तो," ते म्हणाले. "आख्खा, मानानं, लोकांत न्हाई. पन कुटं, त्ये मला ठावं न्हाई. पुस्तकात जागा लिवलीय का?"

मी म्हटलं, "नाही. जागा लिहिलेली नाही."

"मग हितं केलं तर चालंल?"

"चालेल," मी म्हणाले. पुढेही काही बोलायचं होतं. वर्षभर मनात जुळवलेली वाक्यं होती. पण त्यांनी वाट पाहिली नाही.

त्यांनी चपला काढल्या. मीही काढल्या. खादीचं जुनं कापड, पटकन पेटलं. ते पूर्ण जळेपर्यंत मेजर ताठ उभे होते, हात दोन्ही बाजूंना सरळ. मग खाली बसले आणि तळहातानं राख जमिनीच्या एका भेगेत सारली. बराच वेळ सारत राहिले, राख संपली तरी.

परत येताना ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हवतं, बाई." मी काही विचारलं नव्हतं. म्हणजे माझ्याकडे बघून त्यांना रोज ते दिसत होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्याची बायको गेली त्यानं माझी समजूत घालावी, याची लाजच वाटली.

जूनमध्ये माझी बदली झाली. आता मी श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीजवळच्या शाळेत आहे. इथे शाळेत जायला पाणी ओलांडावं लागत नाही. वस्तीवरच्या एका पालकबाईंचा अधूनमधून फोन येतो. मेजरनी नवा झेंडा आणलाय, त्याची कड ते स्वतःच शिवतात, एकाच पांढऱ्या दोऱ्यानं, असं त्या सांगत होत्या. मध्यावर इंजिन अजूनही बंद होतं. नव्या माणसांना वाटतं, जुनं झालंय, बदलायला हवं.

एकदा येऊन जा, असं त्या प्रत्येक वेळी म्हणतात. मी हो म्हणते. दोनदा धरणाजवळच्या राहुरीपर्यंत गेलेही, दुसऱ्या कामासाठी, आणि काम आटोपून तिथूनच परत फिरले.