न पाहिलेली गुहा

नागपूरच्या वसतिगृहात मी स्वतःला जंगलचा माणूस म्हणवून घेत असे. खरं तर माझं गाव गोंदियाकडचं, दवनीवाड्याच्या बाजूचं, सगळं धानाचं. बांध घातलेल्या शेतांच्या बांध्या, तळं, पुन्हा बांध्या. उंच जागा म्हणजे तळ्याची पाळ, तीही आमच्याच आजा-पणजांनी माती टाकून केलेली. आंबा, मोह आणि चिंच सोडली तर झाडं मला ओळखता येत नव्हती. पण पहिल्या वर्षी पुण्याकडची मुलं माझ्या बोलण्याला हसत. मी ‘जाऊन राहिलो’ म्हटलं की पाठीमागून कुणीतरी तेच सुरात म्हणे. एकदा एकानं विचारलं, तुमच्याकडे वाघ असतात का? मी हो म्हटलं आणि हसणं थांबलं. तेव्हापासून मी वाघाच्या, अस्वलाच्या, डोंगरातल्या वाटांच्या गोष्टी सांगत गेलो. त्यात कचारगडच्या गुहाही आल्या. लहानपणी दोनदा जाऊन आलोय, असं मी सांगून टाकलं.

त्या गोष्टी दोघांनी फार मनावर घेतल्या. एक गोंदियाच्या धान-व्यापाऱ्याचा मुलगा, घरात हिंदी बोलणारा, मनानं उदार. दुसरा नागपूरच्या वकिलाचा, पुस्तकं वाचून प्रवासाचं वेड लागलेला. नाताळच्या सुट्टीत व्यापाऱ्याच्या मुलानं वडिलांकडून मोटार मिळवली आणि बेत ठरला: सालेकशाच्या पुढे जंगलात तंबू ठोकायचा, तीन दिवस राहायचं, आणि कचारगड पायी गाठायचा. वाटाड्या मी. नाही म्हणायला तेव्हाही वेळ होता. पण मी तसं म्हटलं नाही.

आमगावपर्यंत रस्ता बरा होता. पुढे चाकोऱ्याच. खळ्यांकडे निघालेल्या धानाच्या गाड्या आल्या की आम्ही मोटार कडेला घेत होतो, आणि बैल बिचकू नयेत म्हणून इंजिन बंद करत होतो. मग हँडल मारून पुन्हा चालू करायचं काम वकिलाच्या मुलाचं. दुपारनंतर समोर निळे डोंगर उठले. ते दोघे माना बाहेर काढून पाहू लागले. मीही पाहत होतो, कारण एवढ्या जवळून ते मला पहिल्यांदाच दिसत होते. एका नाल्याच्या काठी अर्जुनाच्या झाडांखाली आम्ही तंबू लावला, तांदूळ शिजवले, आणि थंडीत घोंगड्या पांघरून शेकोटीशी बसलो. वकिलाच्या मुलानं विचारलं, इथून वाट कुठून जाते? मी हातानं डोंगराकडे दाखवलं.

सकाळी दोघे उठायच्या आत मी निघालो. वाट पाहून येतो, पावसाळ्यानंतर बदललेली असते, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. कुणीतरी भेटेल, त्याला गुपचूप विचारून घेऊ, एवढाच माझा विचार. कुणी भेटलं नाही. तासभर मी गुरांच्या वाटांवरून भटकलो, आणि मग एका ओहोळात उतरताना शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला. उठायला गेलो तर डावा घोटा टेकवेना. बघता बघता तो सुजला. मी दगडावर बसलो आणि, इथे कोण बघतंय म्हणून, चक्क रडलो.

बघत होती एक बाई. पलीकडच्या काठावर आवळीच्या झाडाखाली टोपली घेऊन उभी होती. चाळिशीची असेल. गोंड, हे तिच्या लुगड्यावरून आणि पायांवरच्या गोंदणावरून कळत होतं.

“काऊन रडून राहिला बाबू?” तिनं विचारलं.

ती खाली आली, माझा पाय हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाली, हाड मोडलं नाही, पण आज चालणं होणार नाही. मुक्काम कुठे ते विचारलं. मी सांगितलं. तिनं टोपली झुडपात ठेवली, वर फांद्या टाकल्या, आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसली.

मला कळेना. मग कळलं तेव्हा मी नको नको म्हणू लागलो. मी येईन हळूहळू, काठी मिळाली की येईन.

“मोळी तुह्याहून जड रायते,” ती म्हणाली. “बस.”

तेव्हा मी अगदीच काटकुळा होतो. तरी एकोणीस वर्षांचा पुरुष होतो, आणि ती मला पाठीवर घेऊन तो ओहोळ ओलांडून चढ चढली. पाच-सहा वेळा थांबली असेल. थांबली की मला एखाद्या दगडावर टेकवायची, दम घ्यायची, आणि पुन्हा बसायची. तिच्या मानेखाली गोंदलेल्या ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या. सगळा वेळ माझ्या डोळ्यांपुढे त्याच होत्या. तिचा घाम माझ्या शर्टाला लागत होता, आणि खरं सांगायचं तर त्याची मला किळस आली. ज्या माणसाच्या पाठीवर मी बसलो होतो त्याचीच किळस. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते असं.

बोलावं म्हणून मी गुहेचं विचारलं. ती सांगत गेली, थांबत, दम घेत, गोंडीतले शब्द मध्ये टाकत. माघी पुनवेला तिथे त्यांचे लोक दूरदूरून येतात. वाट उलट्या अंगानं जाते, मी चुकीच्या बाजूला फिरत होतो. गुहेचं तोंड एवढं मोठं की आत अख्खं गाव उभं राहील. वर छताला भोक आहे, त्यातून उजेड आत खाली पडतो, आणि बोललं तर आपलाच आवाज थोडा उशिरानं परत येतो. लहानपणी ती त्या आवाजाला भ्यायली होती. आईच्या लुगड्यात तोंड लपवलं होतं, असं सांगून ती हसली, तेव्हा तिची पाठ माझ्याखाली हलली.

तंबू दिसायच्या जरा आधी बांबूचं बेट होतं. मी म्हटलं, इथेच उतरव.

“कायले? मुक्काम तं आता येऊनच राहिला.”

मी म्हटलं, इथून जाईन मी. तिनं मला उतरवलं, बेटातला एक वाळका बांबू मोडून हातात दिला आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिला कळलं असणार. संध्याकाळी पाल्याचा लेप आणून देते, तोवर पाय खाली सोडू नको, एवढं बोलून ती आल्या वाटेनं परत गेली. मी आभारही मानले नाहीत. तिचं नाव विचारणं तर सुचलंच नाही.

बांबू टेकत मी तंबूपाशी गेलो. दोघे धावत आले. एवढा पाय सुजलेला असताना एकटा आलास, हे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले, आणि मी म्हणू दिलं. मग वकिलाच्या मुलानं विचारलं, गुहा गाठली होतीस का? मी सांगितलं, गाठली होती, उतरताना घसरलो. आणि तिनं सांगितलेलं सगळं सांगितलं. छताचं भोक, खाली पडणारा उजेड, उशिरानं परत येणारा आवाज. शब्दसुद्धा तिचेच.

ऊन उतरत असताना ती आली. हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. व्यापाऱ्याच्या मुलानं लांबूनच विचारलं, “कौन है ये? तू पहचानता है?”

मी म्हटलं, “नाही. काही मागायला आली असेल.”

ती पाच-सहा हातांवर उभी होती. तिला हिंदीही कळत असणार, माझी मराठीही. मित्र मनाचा चांगला. त्यानं घरून आणलेल्या पुऱ्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या. तिनं त्या घेतल्या नाहीत.

“मांगाले नाही आली मी,” ती त्याला म्हणाली. माझ्याकडे वळली नाही. पानाचा पुडा मोटारीच्या दाराखालच्या पायफळीवर ठेवला. “याच्या पायाले बांधा. दोन दिवस टेकू नका देऊ.”

ती गेल्यावर दोघे माझ्याकडे पाहू लागले. तिला पायाचं कसं ठाऊक? मी म्हटलं, वाटेत दिसलो असेन लंगडताना. यांना झाडपाल्याची सवय असते. त्यांनी ते मानलं. की मानलं असं दाखवलं, हे मला आजवर माहीत नाही. वकिलाच्या मुलानं लेप बांधला. उतार पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. त्या दोघांची गुहा माझ्यामुळे राहिली, आणि त्यांनी त्याबद्दल मला एका शब्दानं बोल लावला नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी काहीतरी लिही म्हणून वकिलाच्या मुलानंच आग्रह केला. मी ‘कचारगडची पायी सफर’ लिहिलं. प्राध्यापकांनी वर्गात त्यातला गुहेचा परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हणाले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. वसतिगृहात माझ्या बोलण्याला त्यानंतर कुणी हसलं नाही.

चार-पाच वर्षांनी मी शाळामास्तर झालो. एका थंडीत एकटाच रेल्वेनं दरेकशाला उतरलो आणि विचारत विचारत गुहेत गेलो. सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. मी बोलून पाहिलं नाही. तिथून खालच्या दोन वस्त्यांत फिरलो. कुणाला शोधता, लोक विचारत. नाव माहीत नव्हतं. आवळे वेचणारी, मानेखाली ठिपके गोंदलेली, असं सांगितलं की बाया एकमेकींकडे बघत. तशा सगळ्याच होत्या. शेवटी अंगणात दोर वळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, “कायले पायजे तुले ते बाई?”

तिनं मला पाठीवर वाहून नेलं होतं, एवढंच सांगायचं होतं. भोवती पाच-सहा माणसं जमली होती, त्यात दोन तरुण पोरी होत्या. मी म्हटलं, आवळे घ्यायचे होते, शाळेसाठी.

म्हाताऱ्यानं घरात आवाज दिला. एका सुनेनं आतून सूप भरून आवळे आणले, आणि ते मला घ्यावे लागले. उपरण्यात बांधून मी स्टेशनावर आलो. गाडीला दोन तास होते, परत जाऊन खरं सांगता आलं असतं एवढे.