तीन चाकांची फाइल

शालिग्राम बोकडे जबलपुरात सव्वीस वर्षं नोकरीला होता आणि त्या सव्वीस वर्षांत त्याच्या खोलीच्या पत्त्यावर एकही पत्र आलं नव्हतं. लिहिणारंच कोणी उरलं नव्हतं. आईबाप अमरावतीकडे वारले, लग्न दोनदा जमता जमता फिसकटलं, आणि मग विचारणाऱ्यांनीही विचारणं सोडलं. सराफ्यात एका सोनाराच्या माडीवर तो राहायचा. खाली दिवसभर हातोड्यांची टकटक चालायची. संध्याकाळी दुकानं मिटली की गल्ली अशी सामसूम व्हायची की हा गडी जिना चढताना मुद्दाम चपला वाजवायचा. कोणीतरी घरी आल्यासारखं वाटायचं, एवढंच.

कचेरीत त्याच्याकडे मोटारनोंदणीचं टेबल होतं. तेव्हा शहरात मोटारी असून असून किती असणार? टेबलापुढची खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी. त्या खुर्चीवर एका शनिवारी सत्यभामाबाई येऊन बसल्या.

बाई नर्स. आसपासच्या खेड्यांत जाऊन बाळंतपणं करायच्या. लहानपणीच्या तापानं डावा पाय वाळलेला, पण बोलणं खणखणीत. विलायतेला परत निघालेल्या एका डॉक्टरीणबाईंनी जाताना आपली तीन चाकांची मोटारसायकल त्यांना देऊन टाकली होती. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये सामानाची पेटी. सगळे खटके हातात, पायाला काम नाही. आता त्यांना नंबर आणि परवाना हवा होता.

शालिग्रामनं नियमांचं पुस्तक उघडलं आणि तो अडकला. पुस्तकात दोन चाकांची मोटारसायकल होती, चार चाकांची मोटारगाडी होती. तिसऱ्या चाकाचं काय करायचं, ते कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. मोटारसायकल ठरली, तर बाईंना परवाना मिळणार. मोटारगाडी ठरली, तर परीक्षा मोटारगाडीवर द्यायची. तिथे डाव्या पायानं क्लच दाबावा लागतो, आणि तो पाय तर नुसता नावाचा.

कचेरीचे मोठे बाबू भय्यासाहेब. डोकेदुखी दुसऱ्याच्या कपाळी लावण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ते पान चावत म्हणाले, "विलायतेत काय करतात ते विचारून घ्या अन् मग आणा माझ्याकडे." त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. शालिग्रामनं मात्र खरोखर पत्रं लिहिली. इंग्लंडला लिहिलं, जर्मनीला लिहिलं, जपानलाही लिहिलं. वळणदार अक्षरात, दोनदा वाचून.

त्यानंतर दर शनिवारी अकरा वाजता सत्यभामाबाई चौकशीला येऊ लागल्या.

"काहून हो शालिग्रामजी, आलं का काही?"

"येऊन राहिलं, बाई. बसा ना. चहा सांगतो."

सुरुवातीला चहा एक कप होता. मग खव्याची जिलबी आली. मग शालिग्राम शनिवारी धुतलेला कोट घालून येऊ लागला, आणि भय्यासाहेबांच्या नजरेतून ते सुटलं असेल असं ज्याला वाटतं त्यानं कचेरी पाहिलेली नाही. बाई गावोगावच्या गोष्टी सांगायच्या. कुठे तिळं झालं, कुठे सासूनं दारातच अडवलं. हा ऐकायचा. आठवड्यातला तो एक तास सोडला तर त्याच्याशी कामाव्यतिरिक्त कोणी बोलत नव्हतं.

जपानचं उत्तर आलं. तिथे लहान इंजिनाच्या तिचाकीला परीक्षाच नव्हती. जर्मनीचं आलं. तिथेही छोट्या इंजिनाला परवाना लागत नव्हता. भय्यासाहेब म्हणाले, "म्हणजे आता आपणही परवाने बंद करायचे काय? राज्य इंग्रजाचं आहे, इंग्लंडचं येऊ द्या."

मार्चात इंग्लंडचं आलं. साध्या चार ओळी. चारांपेक्षा कमी चाकं आणि वजन आठ हंड्रेडवेटच्या, म्हणजे साधारण अकरा मणांच्या आत, तर ती मोटारसायकल. बाईंची गाडी त्याच्या निम्म्यानंही भरत नव्हती. काम झालं होतं.

शालिग्रामनं पत्र तीनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. नंबर मिळाला की बाई कशाला येतील? त्यानं आवक रजिस्टर उघडलं, टाक दौतीत बुडवला, आणि नोंद न करताच पत्र खणात सारलं. एकच शनिवार, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढच्या शनिवारीही त्यानं एकच ठरवलं. असे सात शनिवार गेले. माणूस वाईट नव्हता हो. पण एकटेपणा भल्याभल्यांना लबाड करतो, आणि तो पक्का लबाड झाला होता.

एप्रिल सरता सरता बाई मंगळवारीच आल्या. लुगड्यावर धूळ, डोळे सुजलेले. खुर्चीवर बसल्या नाहीत. टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"बरगीकडून येऊन राहिले. काल पहाटेच निरोप आला होता. बैलगाडीनं पोचायला दुपार झाली. बाई वाचली, पोर नाही वाचलं." पदरानं तोंडावरची धूळ पुसत म्हणाल्या, "गाडीला नंबर असता तर दीड-दोन तासांत पोचले असते. जाऊ द्या. तुमचा काय दोष? विलायतेचं टपाल समुद्रानं येते."

शालिग्रामला ते ऐकवेना. त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. बाई जिन्यावरून एकेक पायरी उतरत होत्या तोवर त्यानं खण उघडला, पत्र काढलं, लिफाफ्यासकट फाइलला टाचलं आणि भय्यासाहेबांपुढे ठेवलं. भय्यासाहेबांनी चार ओळी वाचल्या आणि सही केली. पान थुंकायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

शनिवारी बाई नंबर घ्यायला आल्या. आनंदात होत्या. "बघू तर, काय लिहिलं साहेबानं," म्हणत त्यांनीच फाइल ओढून घेतली. पत्राला लिफाफा जोडून ठेवायची कचेरीची शिस्त. सव्वीस वर्षांत शालिग्रामनं ती एकदाही मोडली नव्हती, त्या दिवशीही मोडली नाही. लिफाफ्यावर जबलपूरच्या टपाल कचेरीचा शिक्का होता. अकरा मार्च.

बाईंनी तारीख वाचली. बोटावर शनिवार मोजले. मग जिलबीच्या द्रोणाकडे पाहिलं, त्याच्या धुतलेल्या कोटाकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं.

"मला नुसतं या म्हटलं असतं, शालिग्रामजी," त्या हळूच म्हणाल्या, "तर मी अशीच आले असते. गाडीबिडी काही नसती तरी आले असते."

शालिग्रामला माफी मागायची होती, पण कोणाची? ते पोर तर बरगीला मातीत गेलं होतं.

बाई नंबर घेऊन गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. गाडी मात्र रोज कचेरीवरून जायची. तीन चाकांचा तो फटफट आवाज तो टांग्यांच्या गलक्यातूनही ओळखायचा आणि दिसेनाशी होईपर्यंत मान वर करायचा नाही. पुढे एकोणचाळीस साली नवा कायदा छापून आला. त्यात चारांपेक्षा कमी चाकांची गाडी ती मोटारसायकल, असं स्वच्छ लिहिलं होतं. ते कलम दाखवावं असं शहरात एकच माणूस होतं. त्यानं त्या पानात कागदाची खूण घातली आणि पुस्तक मिटलं.

त्याच पावसाळ्यात टेबलावर एक अर्ज आला. बदली मंडल्याला, सबब गाडीचा नंबर तिकडे वर्ग करावा. खाली सत्यभामाबाईंची सही. त्याच्यासाठी वेगळी एक ओळही नव्हती. अर्जात इंजिनाचा नंबर लिहायचा राहून गेला होता. नियमानं कागद परत पाठवता आला असता, खुलाशासाठी समक्ष हजर राहा म्हणून लिहिता आलं असतं, आणि बाईंना यावंच लागलं असतं.

शालिग्रामनं जुनी फाइल काढली. इंजिनाचा नंबर त्याला पाठच होता, तरी त्यानं ताडून पाहिला आणि आपल्या वळणदार अक्षरात रिकाम्या जागी भरला. आवक रजिस्टरात नोंद केली. भय्यासाहेबांची सही स्वतः उभं राहून घेतली. त्याच्या उभ्या नोकरीत इतका लवकर सुटलेला कागद दुसरा नाही. तो दुपारच्या टपालानं मंडल्याला गेला. त्या दिवशी शनिवार होता.